बायबलबाईंचं बसणं

बायबलबाईंना नुसतं बसता यायचं. हे वाचून कोणाला हसू येईल. पण आपल्या ओळखीतली एक तरी बाई आठवून पाहा, जी दिवसाउजेडी ओट्यावर बसली आहे आणि तांदूळ निवडत नाही, लसूण सोलत नाही की कोणाचं बटण लावून देत नाही. पुलगावला आमच्या मोहल्ल्यात अशी एकच होती. रविवारची उपासना आटोपली की त्या दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे इतक्या प्रसन्नपणे बघायच्या, की मला त्यांचा राग यायचा.

त्यांचं खरं नाव रत्नमाला. मिशनच्या काळात त्या खेडोपाडी फिरून बायकांना पवित्र शास्त्र वाचून दाखवत, म्हणून बायबलबाई. पुढे मिशन गेलं, पगार गेला, नाव तेवढं राहिलं आणि पायपीटही राहिली. सोमवार ते शनिवार अंगावर पांढरं पातळ, खांद्याला कापडी पिशवी आणि आर्वीकडची एसटी. कोणाचं बाळंतपण, कोणाचं भांडण, कोणाच्या मुलीची शाळा, सगळीकडे बाई हजर. शनिवारी संध्याकाळी मात्र दुसऱ्या दिवसाच्या भाकरी थापायच्या, चटणी वाटायची आणि चूल सारवून टाकायची. रविवारी त्यांची चूल पेटत नसे. चहापुरती त्यांनी पळवाट ठेवली होती. "रविवारी मी चहा मांडत नाई," त्या सांगायच्या, "पण कोणी आणून देल्ला त नाई बी म्हणत नाई." साहजिकच रविवारी त्यांना इतर दिवसांपेक्षा जास्त चहा मिळे.

माझा राग उगाच नव्हता. आमचे हे गिरणीत कामाला होते. ऐन चाळिशीत त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. मूलबाळ नव्हतं. त्यांना उठवणं, पुसणं, भरवणं आणि उरलेल्या वेळात लोकांचे ब्लाउज शिवणं, यात माझे दिवस जाऊ लागले. मी चर्चला जाणं सोडलं. कोणी यांच्यापाशी बसतो म्हणालं तर मी सरळ नको म्हणायची. मी उंबऱ्याबाहेर गेले आणि मागे यांना काही झालं तर, ही एकच भीती मला धरून होती. तोंडाची मी आधीच फटकळ, त्यात झोप नाही. लोक हळूहळू यायचे थांबले.

बाई थांबल्या नाहीत. एका रविवारी त्या रेल्वेतल्या गँगमनच्या बायकोला, मार्थाबाईला, घेऊन दारात उभ्या राहिल्या. "मार्था बसते त्याच्यापाशी. तू चाल." मी नाही म्हणाले. त्या दोघी ओट्यावर बसल्या आणि बऱ्याच वेळानं उठून गेल्या. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. शेवटी मला लोकलाज वाटली. औषध कोणतं, पाणी कसं पाजायचं, हे मार्थाबाईला दोनदा समजावून मी निघाले.

चर्चमध्ये भिंतीकडच्या बाकावर बसले. पहिलं गीत झालं, पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले, इतकं मला आठवतं. जागी झाले तेव्हा ऊन खिडकीवरून उतरून गेलं होतं. डोक्याखाली कोणाची तरी शाल होती आणि चर्चमध्ये बाईंखेरीज कोणी नव्हतं. नंतर कळलं, की मी घोरायला लागल्यावर बाईंनी पाळकसाहेबांना हात हलवून आवाज खाली घ्यायला लावला. शेवटचं गीत मंडळीनं जवळजवळ पुटपुटून म्हटलं आणि सगळे चपला हातात घेऊन बाहेर पडले.

मी धडपडून उठले. "मले उठवलं काऊन नाई? त्यायचं जेवण, औषध..."

"मार्थानं सारं केलं. निरोप आला. तो बी झोपला." मग माझा हात धरून त्या म्हणाल्या, "देवानं सातव्या दिवशी आराम केला का नाई? मंग तू त्याच्याहून मोठी हाय का?"

तेव्हापासून मंडळीनं आपसात पाळ्या लावून घेतल्या. मला त्यातलं कोणाचंच काम पसंत नसे. एक जण चादर उलटी घाली, दुसरी तांब्या यांच्या हाताला येईल असा ठेवत नसे, आणि रेल्वेतले निवृत्त गार्ड तर यांच्याशी पत्ते खेळत. रविवारी आणि पत्ते. मी बाईंकडे तक्रार नेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याले बी तुयापासून एक दिवस सुट्टी पाह्यजे का नाई?"

दोन दिवस मी बाईंशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी यांना भरवताना विचारलं, खरंच का हो? हे अर्ध्या ओठानं हसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसले. मला बाईंचं मोठेपण तेव्हा कळलं. मला दिसत होता तो आजार, त्यांना खाटेवरचा माणूसही दिसत होता.

अशी काही वर्षं निघाली. मग हिवाळ्यातल्या एका रविवारी, मी चर्चमध्ये असताना, हे गेले. त्या दिवशी पाळी बाईंची होती. मी घरी आले तेव्हा त्या यांचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. मी विचारलं, मला बोलावलं का नाही. "तुले बोलवाले गेलं असतं, त त्याचा हात सोडा लागला असता," त्या म्हणाल्या.

मातीला आर्वीहून माझी नणंद आली होती. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "नवरा मरून राह्यला होता अन् बायको तिकडे गाणे म्हणून राह्यली होती." ज्याची भीती धरली होती तेच झालं होतं आणि आता ते कोणी तरी मोठ्यानं बोललंही होतं. मी मनाशी ठरवलं, रविवार आपल्यासाठी संपला.

पुढच्या रविवारी मी पहाटेच उठले. यांची अंथरुणं भिजवली, डबे घासले, खाट धुऊन अंगणात टाकली. उपासनेच्या वेळेला दार वाजलं. बाई होत्या.

"आता कोणापाशी बसाले आल्या, बाई?" मी ओल्या हातांनीच विचारलं. "खाट त रिकामी हाय."

"तुयापाशी," बाई म्हणाल्या, आणि आत येऊन भिंतीशी बसल्या.

त्यांनी पिशवीतून शास्त्र काढलं नाही, की माझं सांत्वन केलं नाही. मीही त्यांच्या शेजारी टेकले. आठवडाभर पाहुण्यांचं चहापाणी करण्यात माझं रडायचं राहून गेलं होतं. त्या रविवारी मी पोटभर रडले, आणि माझं रडून होईपर्यंत बाई बसून होत्या.