गंगाधरकाकांचा सख्या

गंगाधरकाका टीव्हीच्या डाव्या बाजूला हातात तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काठी, घेऊन उभे राहत. इंग्रजी पिच्चर सुरू झाला की तुराटी वर करून म्हणत, "आता बराबर ध्यान द्या. मधी कोनी तोंड घालू नका." आणि मग ज्या माणसाला इंग्रजीत स्वतःचं नाव धड लिहिता येत नव्हतं, तो अख्ख्या पुसेगावाला इंग्रजी पिच्चर मराठीत सांगायचा. मी आयुष्यात पुष्कळ खोटारडे पाहिले, त्यांतले काही माझ्याच कॉलेजात पगार घेतात. पण इतका बिनदिक्कत खोटारडा दुसरा पाहिला नाही.

तेव्हा गावात व्हीसीआर एकट्या त्यांच्याकडे होता. बारसं असो, जयंती असो, गणपती असो, तो त्यांच्याकडूनच भाड्याने न्यायचा, आणि व्हीसीआर न्यायचा म्हणजे काकांनाही न्यायचं. ते हिंगोलीहून कॅसेट आणत, दुपारी दार लावून एकटेच बघत आणि संध्याकाळी सफारी घालून हजर होत. दुपारच्या त्या बघण्याला ते 'तयारी' म्हणत. कसली डोंबलाची तयारी! काय थापा मारायच्या ते ठरवत असणार. इंग्रजी कुठे शिकलात म्हणून कोणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं होतं, "हैदराबादेत. तिथं इंग्रजीबिगर पानी भेटत न्हाई." हैदराबादेत ते एका सायकलच्या दुकानात पंक्चर काढत होते, हे त्यांच्याच चुलतभावाने मला पुढे सांगितलं.

त्यांच्या लाडक्या पिच्चरांची एक मालिकाच होती. अंतराळातलं एक यान, त्याची कप्तान असलेली एक बाई, तिच्या सोबत एक यंत्रमानव आणि मागे लागलेला एक टकला माणूस. दर दोन-तीन वर्षांनी पुढचा भाग यायचा. काकांनी सांगितलेली गोष्ट अशी : यान म्हणजे पाण्याचा टँकर, जिथे पाणी नाही त्या ग्रहांवर पाणी पोचवणारा. बाई म्हणजे पाटलीण, नवरा वारलेला. टकला म्हणजे तिचा दीर, डोळा टँकरवर. आणि यंत्रमानव म्हणजे तिचा सालगडी, त्याचं नाव सख्या. पडद्यावर दोन माणसं पाच-पाच मिनिटं गंभीरपणे बोलत राहिली आणि काकांना काही सुचलं नाही, की ते तुराटी खाली करून म्हणत, "हे कामाचं न्हाई. घरगुती बोलून राहिले." बाईने कोणाचा मुका घेतला तर आडवे उभे राहत आणि म्हणत, "डोळ्यात कचरा गेला त्याच्या. फुकून राहिली."

तिसऱ्या भागाच्या शेवटी बाई यानाचं दार उघडते आणि सख्या खाली अंधारात पडत जातो. काकांनी त्या दिवशी आवाज एकदम खाली आणला. "यानात वजन लई झालं. पानी फेकावं का मानूस फेकावं? पाटलीन रडून राहिली. सख्या म्हनला, मालकीन, पानी ऱ्हाऊ द्या, मी मानूस थोडाच हाय? आन् घेतली उडी." बाया पदराने डोळे पुसत होत्या. आमच्या शेजारच्या गयामावशी तर त्या रात्री जेवल्या नाहीत. पुढच्याच महिन्यात त्यांच्या गाईला गोऱ्हा झाला, त्याचं नाव त्यांनी सख्या ठेवलं. हा बैल मी स्वतः पाहिला आहे, मारका होता.

मीही रडलो होतो. पुढे शिकायला परभणीच्या वसतिगृहात गेलो, तिथे या पिच्चरांवरून गप्पा निघाल्या आणि मी छातीठोकपणे दीर, पाटलीण आणि पाण्याचा टँकर सांगायला लागलो. पोरं हसून हसून कॉटवरून खाली पडली. तिथून निघेपर्यंत मला सगळे 'टँकर' म्हणत. खरी गोष्ट अशी की यानात पाणी नव्हतं, कैदी होते. टकला दीर नव्हता, बाईचा वरिष्ठ अधिकारी होता, आणि सगळ्या पिच्चरमध्ये सज्जन माणूस तोच एक. आणि ज्याच्यासाठी आमचं गाव रडलं तो सख्या? पक्का फितूर! त्याने बाईला दगा दिला होता, म्हणून तिने त्याला बाहेर ढकललं. मी इंग्रजी घेऊन एम. ए. झालो त्यात या माणसाचा वाटा आहे, पण त्याबद्दल आभार मानण्याची मला कधी गरज वाटली नाही.

व्हीसीआरचे दिवस गेले. काकांनी स्टँडवर डिशचं रिचार्ज मारायचं आणि मोबाइलची कव्हरं विकायचं दुकान टाकलं. सफारी मात्र गेली नाही आणि तोराही गेला नाही. गिऱ्हाइकाने काही विचारलं की आधी त्याची अक्कल काढायची, मग वस्तू द्यायची. "तुला काहून पाहिजे महागाचा फोन? बोलतो तर बायकोलाच ना?" असं. लोक ऐकून घेत, हसत आणि पुन्हा त्यांच्याकडेच येत. मला हे कधी कळलं नाही.

मग गेल्या वर्षी बातमी आली. त्या पिच्चरांमधून आता टीव्हीची नवी मालिका निघणार होती, तीही सख्याची. पडलेला यंत्रमानव मेलेला नाही, तो कुठल्याशा ग्रहावर सापडतो आणि तिथून त्याची वेगळी गोष्ट सुरू होते. एका ॲपवर दर आठवड्याला एक भाग, आणि सगळं मराठीत. गयामावशींची सून शोभा अंगणवाडीत आहे, तिने मोबाइलवर जाहिरात पाहिली आणि दुपारपर्यंत गावभर झालं, "सख्या येऊन राहिला!" गयामावशी आता ऐंशीच्या पुढच्या. म्हणाल्या, "मला माहीतच व्हतं. असा मरतो व्हय तो?"

मी हिंगोलीहून मुद्दाम वाट वाकडी करून काकांच्या दुकानात गेलो. कशाला खोटं बोलू, मजा बघायला गेलो. "काका, मराठीत येतंय म्हणे."

"येऊ दे," ते कव्हर पुसत म्हणाले. "शिळ्या कढीला ऊत. मूळ पिच्चरात दम व्हता. उसाचा रस काढून झाला, आता चोथा चघळा म्हनून राहिले."

"तुम्ही नाही बघणार?"

"थू! आपल्याच्यानं न्हाई बघवत." पुसलेलं कव्हर त्यांनी पुन्हा पुसायला घेतलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "सख्या बी मराठीतच बोलंल का?"

"सगळेच."

"आन् मागं काय झालं ते दाखवतेत का, सुरवातीला?"

"दाखवतात की. अगदी थोडक्यात, पण सगळं दाखवतात."

"लई शिकला तू," ते म्हणाले आणि शटर अर्धं ओढलं.

पुढचे काही दिवस या माणसाने जी धडपड केली ती बघण्यासारखी होती. शोभाला सांगितलं की त्या मालिकेत घाण आहे, लेकरांना दाखवू नका. सरपंचांना सांगितलं की असल्या ॲपमुळे बँकेतले पैसे जातात. गयामावशींना सांगितलं की तो खरा सख्या नाही, दुसराच आहे, पत्र्याचा रंग वेगळा आहे. कोणी ऐकलं नाही. मला दया यायला हवी होती, आली नाही. इतकी वर्षं गावाला येड्यात काढलं, आता भोगा म्हटलं.

पहिल्या भागाच्या दिवशी मी सुट्टी टाकून पुसेगावला गेलो. मावशींच्या अंगणात शोभाने मोठा टीव्ही बाहेर काढून ठेवला होता. सतरंज्या अंथरल्या होत्या आणि चहाचं पातेलं चुलीवर होतं. ज्यांनी लहानपणी ते पिच्चर पाहिले ते आता पोरंबाळं घेऊन बसले होते. काकाही आले. न येऊन सांगतात कुणाला? लोक म्हणाले असते, भ्याला. सफारी घालून मागे ओट्यावर बसले, सगळ्यांच्या मागे. मी अशी जागा धरली की मला त्यांचं तोंड दिसावं.

मालिका सुरू झाली आणि पहिल्याच मिनिटाला मागचं सगळं दाखवलं. तेच दार, तेच यान, तीच बाई. आणि ती स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाली, "तू मला फसवलंस. माझ्या माणसांना तू शत्रूच्या हाती दिलंस." आणि तिने त्याला ढकललं. सख्याने उडी घेतलीच नव्हती, ते सगळ्यांना लख्ख दिसलं; या वेळी आडवे उभे राहायला काका पुढे नव्हते.

मग एकेक मान मागे वळली. काका जमिनीकडे बघत होते, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून. एवढंसं झालं होतं ते तोंड. या क्षणाची मी परभणीपासून वाट पाहिली होती.

गयामावशी म्हणाल्या, "शोभे, आवाज बंद कर त्याचा."

"का हो आत्या?"

"बंद कर म्हनलं ना. ती बाई काय बोलून राहिली, काय समजंना. गंगाधर, ऊठ. तू सांग."

"गयाबाई, आता तं मराठीतच हाय," काका कसेबसे म्हणाले. "मी काय सांगू?"

"सांग म्हनलं तं सांग. आमी कान कुनाकडं द्यायचे ते आमचं आमी बघू."

शोभाने आवाज बंद केला. कोणीतरी कुंपणातली एक तुराटी मोडून पुढे दिली. काका उठले, लोकांमधून वाट काढत टीव्हीच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि त्यांनी घसा खाकरला. "आता बराबर ध्यान द्या. पाटलीन म्हनली, तू मला फसवलं. काहून म्हनली? दीर मागं ऐकून राहिला व्हता! त्याला पटावं म्हनून म्हनली. सख्याला सगळं माहीत व्हतं." अंगणभर हुश्श झालं. एक म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, "बघा सर, मला वाटलंच व्हतं." अशा गावात जन्म घेतल्याची मला त्या दिवशी मनापासून लाज वाटली.

मग दर आठवड्याला तेच. टीव्ही मुका आणि काका बोलते. सफारी पुन्हा कडक इस्त्रीची झाली. म्हातारपणी माणूस सुधारतो म्हणतात, हे जास्तच निर्ढावले. पावसाळा संपता संपता, अजून काही भाग राहिले असताना, दुकानात बसल्या बसल्याच गेले. मातीला सगळं गाव होतं. लोक रडत होते, चांगलं चांगलं बोलत होते. मी बोललो नाही. मेल्याने माणूस खरा होत नाही.

राहिलेले भाग मी हिंगोलीत घरी बघितले, आवाज चालू ठेवून. शेवटी सख्या भंगारात जातो. त्याला तोडून त्याच्या पत्र्याचा दुसऱ्या कुठल्यातरी यानाचा दरवाजा बनवतात. पुसेगावात ते कोणीच बघितले नाहीत; शोभाने टीव्ही आत नेऊन ठेवला होता.

दिवाळीत गेलो तर गयामावशींनी हाक मारली. ओट्यावर बसवलं, चिवडा पुढे केला आणि विचारलं, "तू बघितलं का रे शेवटचं? सख्याचं पुढं काय झालं?"

मी इंग्रजीचा प्राध्यापक. खरी गोष्ट मला ठाऊक होती, शब्दन् शब्द. मी चिवड्यात बोटं फिरवत बसलो. "पोचला मावशी," मी म्हणालो. "घरी पोचला. पाटलीण दारातच उभी होती. पाणी पण पोचलं सगळं."

मावशींनी चिवड्याची ताटली माझ्याकडे अजून थोडी सरकवली.

"खा," त्या म्हणाल्या. "तुला खोटं बोलता येत न्हाई लेकरा. त्याला यायचं."