पत्र्याआडचा इंग्रजीचा तास

माझ्या नवऱ्यासारखं इंग्रजी शिकवणारा माणूस अख्ख्या मुरूम गावात नव्हता, हे मी आजही कबूल करते. खोटं कशाला बोलू? पोलीस भरती, तलाठी, बँक, सगळ्या परीक्षांची पोरंपोरी आमच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर दाटीवाटीनं बसायची. मध्ये पत्र्याचं पार्टिशन. अलीकडं माझा स्वयंपाक, पलीकडं त्याचा फळा. मी फोडणी दिली की पलीकडची पोरं खोकायची, आणि तो काही शिकवायला लागला की अलीकडं मी ऐकत बसायची. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. पण ते लग्नाच्या बायोडाटात लिहिण्यापुरतं.

मारायचा. भाजी गार म्हणून, गरम म्हणून, मी हसले म्हणून. पट्ट्यानं, चपलेनं, हाताला लागेल त्यानं. एकदा कुकरच्या झाकणानं असं हाणलं की माझा खांदा निखळला. तो बसवायला उमरग्याला घेऊन गेला आणि येताना स्टँडवर मला उसाचा रस पाजला, मेल्यानं.

आणि आमची गल्ली! कुणाच्या दोरीवर नवी साडी वाळतीय, कुणाकडं आज मटण शिजतंय, सगळं ठाऊक. निम्म्या बाया कानडी बोलायच्या, निम्म्या मराठी, आणि भोचकपणा दोन्ही भाषांत सारखाच. पण माझा डोळा काळानिळा दिसला की सगळ्यांचं ध्यान एकाएकी नळाच्या पाण्याकडं. एखादी म्हणायची, "पडलाव का वो वहिनी?" मी म्हणायची, "व्हय, न्हाणीत." "फरशी लई निसरडी असती बगा," म्हणून ती घागर उचलून चालती व्हायची.

त्या दिवशी फळ्यावर जे इंग्रजी शब्द होते ते सगळे एकाच कुळातले. एखादी गोष्ट लक्षात येणं आणि तिच्यावर काहीतरी बोलणं. नोटीस, ऑब्झर्व्ह, मेन्शन, रिमार्क, कॉमेंट. मी भाकरी थापत ऐकत होते. नोटीस म्हणजे नजरेस पडणं, ऑब्झर्व्ह म्हणजे नीट निरखून बघणं, मेन्शन म्हणजे बोलता बोलता उल्लेख करणं. झकास सांगत होता. मधल्या सुट्टीत एक पोरगी पाणी मागायला आत आली. जवळच्या खेड्यातनं एसटीनं यायची, फार भित्री. तांब्या हातात धरून हळूच म्हणाली, "मॅडम, रिमार्क आणि कॉमेंटमध्ये फरक काय वो? सरांना विचारायचं भ्या वाटतंय."

मी म्हटलं, "जे दिसलं त्यावर सहज एखादं वाक्य बोलून गेलीस तर तो रिमार्क. त्याबद्दल तुझं मत दिलंस तर कॉमेंट." एवढंच. पोरगी खूश झाली आणि क्लास परत भरल्यावर भोळेपणानं बोलून गेली, "सर, मॅडमनी लई सोपं करून सांगितलं."

पोरं हसली. "आता मॅडमचाच क्लास लावावा म्हनतो," मागनं एक टवाळ बोलला. नवराही हसला. "पाच मिनिटं वाचत बसा," म्हणाला. हसतच आत आला आणि मागं दारावरचा पडदा नीट ओढून घेतला.

माझा अंबाडा मुठीत धरला आणि तोंड मांडणीच्या लोखंडी कडेवर आपटलं. ताटं, डबे, पेले, सगळं खाली कोसळलं. परत आपटलं. खालचा ओठ दातानं आरपार फाटला. "मास्तरीण व्हायचंय? व्हायचंय मास्तरीण?" हे सगळं कुजबुजत, दात खाऊन. मी खाली पडल्यावर पोटात लाथा घातल्या. मग हात धुतले, टॉवेलला पुसले आणि पलीकडं जाऊन म्हणाला, "हां, कुठं होतो आपण?"

पत्रा म्हणजे काय दगडी भिंत आहे का? ऐकलं सगळ्यांनी. चकार शब्द कुणी काढला नाही.

माझी लेक तेव्हा पहिलीत होती. ती तिथल्याच कॉटखालनं बाहेर आली आणि आपला एवढासा तळहात माझ्या तोंडावर ठेवला. मला वाटलं रक्त पुसतीय लेकरू. तर म्हणाली, "मम्मी, रडू नकू. क्लास चालूय."

इथं माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं मार खाऊन फिरलं नव्हतं, ते या एका वाक्यानं फिरलं. माझी पोरगी गप बसायला शिकली होती! उद्या हिला कुणीतरी असंच आपटेल आणि ही रक्त गिळून म्हणेल, क्लास चालूय. आग लागो त्या क्लासला.

मी पडदा ओढून काढला आणि फळ्याजवळ जाऊन उभी राहिले. हनुवटीवरनं रक्त गळत होतं. म्हटलं, "बघा. नीट ऑब्झर्व्ह करा. आणि आता तुमच्यातला एकजण तरी रिमार्क करा." सगळे बघत होते. ती भित्री पोरगी तोंडात ओढणी कोंबून रडत होती. नवरा शांतपणे म्हणाला, "मॅडम पडल्यात. तुम्ही पुढचा शब्द लिहून घ्या." आणि देवाशपथ सांगते, पेनं चालायला लागली.

फळ्याला मोठी लाकडी पट्टी टेकवून ठेवलेली असायची. ती मी दोन्ही हातांनी उचलली. पहिला तडाखा त्याच्या खडू धरलेल्या हातावर घातला, बोटं मोडल्याचं स्वच्छ ऐकू आलं. दुसरा कानफटात. तो खाली बसला तशी पाठीत घातले, पट्टी तुटेपर्यंत. "लिही की आता! लिही!" मी ओरडत होते. बरं वाटलं मला. आजही वाटतं.

आणि काय सांगू, सगळ्यांना वाचा फुटली! "मॅडम सोडा, सर मरतील!" पोरं किंचाळली. गल्ली धावत आली. "अगं बया, नवऱ्यावर हात?" "बाई हाय का कोन!" मागच्या गल्लीत दिराकडं राहणारी सासूही येऊन ऊर बडवत होती. मी लेकीला कडेवर घेऊन पोलीस ठाणं गाठलं, तर माझ्या मागोमाग मोटारसायकलींवर बसून निम्मी गल्ली तिथं हजर. मी काय केलं ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. माझा ओठ कशानं फाटला विचारलं तर, "त्ये आमाला काय म्हाईत न्हाय बा."

तिथल्या पोलीस बाईंनी आम्हा मायलेकींना समोर बसवलं. दारात माणसांची ही गर्दी. "तुझ्या बाजूनं सांगणारं कुणी हाय का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कुणी न्हाय." त्या लेकीकडं वळल्या. "बाळा, मम्मीला काय झालं गं?"

लेकीनं दारातल्या गर्दीकडं बघितलं. ही बोलली नाही तर संध्याकाळी आम्हा दोघींना त्याच घरात जायचं होतं.

ती उठली. टेबलाजवळ गेली. मागनं आपलीच वेणी मुठीत धरली आणि आपलं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. "असं," म्हणाली. परत आपटायला गेली तसा बाईंनी मध्ये हात घातला. कपाळ त्यांच्या तळहातावर बसलं. मी धावत जाऊन तिला उचललं, तरी ती वेणी सोडेना. दारातली माणसं मागं सरकायला लागली होती.

"बास बाळा, कळलं मला," बाई म्हणाल्या.

"अजून हाय," लेक म्हणाली.