कॅलेंडरच्या पानांची कव्हरं

महिना संपला की कॅलेंडरचं पान फाडताना मला ती दिवाळी आठवते. बायको त्याच वर्षी उन्हाळ्यात गेली होती. पुण्याहून आलेल्या लेकीनं पुस्तकांचं कपाट सजवायला काढलं. तिच्या आईनं प्रत्येक पुस्तकाला जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलेलं, कोरी बाजू वर आणि पाठीवर निळ्या शाईत पुस्तकाचं नाव. लेकीनं कव्हरं उतरवली, पुस्तकं रंगाप्रमाणे लावली, मध्ये नवी पेठेतून आणलेला पितळी घोडा ठेवला. "बाबा, कसं दिसतंय?" "लई भारी की," मी म्हणालो. ती परत गेल्यावर मी रद्दीतून कव्हरं उचलली. घड्या जशाच्या तशा होत्या, आत पुस्तक तेवढं नव्हतं. अजूनही फाडलेलं पान मी सुरकुती न पाडता गादीखाली ठेवतो. कशाला, असं विचारणारं घरात कुणी नाही.