गाणं सुरूच होईना

कॉलेजच्या पहिल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला प्रत्येकाने एका विषयावर दहा मिनिटं बोलायचं होतं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं, त्यामुळे विषय कोणता घ्यावा हे विचारणार तरी कोणाला? मी प्रोग्रेसिव्ह रॉकची सुरुवात हा विषय घेतला. कारण एवढंच, की वर्गातल्या एका लेबनीज मुलाने त्याच्या भावाने घरी भरलेली एक कॅसेट मला ऐकवली होती आणि ती मला कळली नव्हती. न कळलेली गोष्टच शिकायची असते, असं तेव्हा वाटायचं.

वाचनालयात मिळालं ते वहीत उतरवलं. साठच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही पोरांना तीन मिनिटांच्या गाण्याचा कंटाळा आला. त्यांनी चर्चमधला ऑर्गन घेतला, जॅझमधून सुचेल तसं वाजवत जाणं घेतलं, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातून एका रचनेचे चार-पाच भाग करणं घेतलं. एका वाद्यात तर प्रत्येक पट्टीखाली व्हायोलिनचे सूर भरलेली टेप असायची. हळूहळू एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापू लागलं. ती कॅसेट मी मागून घरी आणली. तिची पहिली पाच मिनिटं वर्गात वाजवणार होतो.

आखातात, करामा नावाच्या वस्तीत आई, बाबा आणि मी दोन खोल्यांत राहायचो. बाबा एसी बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत स्टोअरकीपर होते. मोठे काका गावी, चिपळूणजवळ. फोन महाग, आणि लिहिण्याचा बाबांना कंटाळा. म्हणून ते कॅसेटवर बोलून पत्र पाठवायचे. सुट्टीवर निघालेल्या कोणाच्या तरी बॅगेतून ती कॅसेट गावी जायची.

शुक्रवारी दुपारी मी सरावासाठी कॅसेट लावली. ऑर्गन सुरू झाला. सहा मिनिटांनी खट्ट झालं आणि बाबा बोलू लागले.

"दादा, नमस्कार. आम्ही इकडे सुखरूप आहोत." मग बराच वेळ नुसती एसीची घरघर. "कंपनी बंद होतेय. व्हिसा रद्द होईल. पोराची परीक्षा तरी होऊ दे, पण आपल्या हातात काय आहे. तिकडच्या कॉलेजात घेतील का, विचारून ठेव. त्याला अजून सांगितलं नाही. इंग्रजी बोलायला लागलाय रे. मला कळत नाही काय बोलतो, पण मी दाराआडून ऐकतो."

बाबा बाहेरून आले तेव्हा मी टेपरेकॉर्डरसमोरच बसलो होतो.

"ही कॅसेट माझी होती, बाबा. मित्राची."

"तुझी? मी लावून बघितली की. नुसती पेटी वाजत होती. पाच-सहा मिनिटं झाली तरी गाणं सुरूच होईना. म्हटलं, कोणीतरी पेटी दुरुस्त करून तपासत असेल."

"ते गाणंच होतं. त्यांची सुरुवात तशीच असते."

"एवढी लांब? ऐकणारा उठून जाईल ना." मग त्यांचं लक्ष थांबलेल्या टेपकडे गेलं. "किती ऐकलंस?"

"सगळं."

ते पलंगाच्या कडेवर बसले. चपला काढायच्या राहिल्या होत्या.

"दाराआडचंही?"

"हो."

"बरं," ते म्हणाले, आणि उठून पाणी प्यायला गेले.

वर्गात मी बोललो. पाच मिनिटं वाजवलीही, कारण तेवढी शिल्लक होती. सर म्हणाले, पुढे जाऊ दे, गायला कधी लागतात ते ऐकू. मी टेप खराब झाली आहे म्हणून सांगितलं आणि पुढचं आठवेल तसं तोंडी वर्णन केलं. ते नीट जमलं नाही. ज्याची कॅसेट होती तो म्हणाला, "खलास, हबीबी, जाऊ दे. भाऊ दुसरी भरून देईल."

परीक्षा तीन आठवड्यांवर असताना आम्हाला निघावं लागलं. नाव काढायला बाबा सोबत आले. कॉलेजात ते पहिल्यांदाच येत होते, इस्त्रीचा शर्ट घालून. फॉर्मवर कॉलेज सोडण्याचं कारण इंग्रजीत लिहायचं होतं. त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. "तू लिही."

मी दोन शब्द लिहिले.

"काय लिहिलंस?"

"घरगुती कारण."

त्यांनी ते शब्द थोडा वेळ पाहिले. मग खिशातून पेन काढून खाली मराठीत सही केली.