काकांच्या पासबुकातली बेकरी

जगात घाबरण्यासारखं जे जे काही आहे, त्याची एकेक प्रत आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांकडे जमा असते. सोलापूरचा उन्हाळा सगळ्यांनाच भाजतो, पण काका फाल्गुनातच खिशात कांदा ठेवायला लागतात आणि वैशाखात तो बदलतात. घराला कुलूप लावलं की ओढून बघतात, जिना उतरतात, पुन्हा चढून ओढतात आणि मग खालून मला हाक मारून साक्षीदार म्हणून ओढायला लावतात. पाल, लिफ्ट, फ्रिजमधलं पाणी, सरकारी पाकिटातून आलेलं पत्र या सगळ्यांना ते सारखाच मान देतात. सगळ्यात मोठा शत्रू मैदा. चादरीच्या कारखान्यात उभी हयात काढलेली, त्यामुळे मैदा पोटात गेला की माणूस खळ लावलेल्या सुतासारखा आतून कडक होतो, असं त्यांचं शास्त्र आहे. विकतचं बिस्कीट त्यांनी कधी तोंडाला लावल्याचं मी पाहिलेलं नाही. आमच्याकडे चहाबरोबर कोणी पुढं केलंच तर ते खुर्ची मागं सरकवतात.

माझं घर नेमकं उलटं. वडील विडी कामगारांच्या संघटनेत, घरात रद्दीपेक्षा पत्रकं जास्त. मी अक्षरं शिकले ती ‘कामगार बंधू-भगिनींनो’ वरून. माणसाच्या भीतीवरच सगळी अन्यायी व्यवस्था उभी आहे, हे मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ. त्यामुळे काकांना निर्भय करणं हे मी माझं कार्यच मानलं होतं. मोबाईलवरून पैसे द्यायला त्यांना मीच शिकवलं. शिकले, पण पिन टाकताना अजून टॉवेल डोक्यावरून घेतात, वाफारा घेतल्यासारखा. रात्री फोन डाळीच्या डब्यात ठेवतात, कारण डाळीत चोराला रेंज मिळत नाही. बँकेकडून ‘सावध राहा’ असा मेसेज आला की दोन दिवस सावध राहतात, म्हणजे जेवत नाहीत. आणि तरी, आमचा मोर्चा कलेक्टर कचेरीवर गेला होता तेव्हा भर उन्हात शंभर पावलांचं अंतर ठेवून एक माणूस पाण्याची बाटली आणि ओलं फडकं घेऊन चालत होता. पोलीस वळून बघायला लागले की तो रसवंतीत शिरायचा. मी घोषणा देत होते आणि माझ्यासाठी घाबरायचं काम ते करत होते.

गेल्या महिन्यात एका सकाळी काका पासबुक सदऱ्याच्या आत, पोटाशी धरून खाली आले. नुकतंच छापून आणलेलं. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं होतं. एकशे ऐंशी रुपये, कुठल्याशा बेकर्स अँड एंटरप्रायझेसला. हे नाव आमच्या पेठेत कोणी ऐकलेलं नव्हतं.

“बेकरी. आन मी?” काका म्हणाले. “तूच सांग पोरी.”

“कोणीतरी पैसे उडवलेत तुमचे. सोडायचं नाही काका. आत्ता अर्ज लिहिते.”

मी उत्साहाने कागद ओढला. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. एक गरीब निवृत्त कामगार, एक मस्तवाल बँक, आणि अर्ज लिहायला मी. ‘सर्वसामान्यांच्या घामाच्या पैशावर डल्ला मारणाऱ्या मुजोर यंत्रणेस’ अशी सुरुवात मी वाचून दाखवली.

“मुजोर काड,” काका म्हणाले. “तितं विनम्र घाल. डल्ला पन काड.”

“मग उरतं काय अर्जात?”

काकांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. जिन्याकडे बघून, काकू ऐकत नाहीत याची खात्री करून हळू आवाजात म्हणाले, “चोर असला तर लई बरं व्हईल बग. चोर नसला तर मग मीच हाय.”

मला पटकन कळलं नाही. ते खाली बघत सांगत गेले. मोहोळला राहणारे त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना ते दादा म्हणायचे, शेवटी कोणालाच ओळखत नव्हते. दुखण्याची सुरुवात अशीच झाली होती. केलेलं काम केलं नाही म्हणायचे आणि घरातल्यांवर संशय घ्यायचे. दादांना जाऊन दोन वर्षं झाली होती, मातीला आम्ही सगळे गेलो होतो. काका म्हणाले, “पैशाचं काय न्हाय गं. एकशे ऐंशी गेलं तर गेलं. डोस्कं गेलं तर कुटं अर्ज करायचा?”

पाल आणि लिफ्ट यांना भिणाऱ्या माणसावर हसता येतं. त्या दिवशी मला हसू आलं नाही. मी मनातल्या मनात चोराची आराधना सुरू केली.

बँकेत काउंटरवरच्या बाईंनी अर्ज बाजूला ठेवला आणि पडद्यावर बघून सांगितलं, “पैसे तुमच्याच फोनवरून गेलेत, काका. पिन टाकूनच गेलेत. दुपारची वेळ आहे.” मी तावातावाने विचारलं, पिन चोरला असेल तर? “चोर एकशे ऐंशीवर थांबतो का?” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मुजोरी अजिबात नव्हती, याचाच मला राग आला. पैसे ज्या खात्यावर गेले त्याच्या यूपीआय पत्त्यातच मोबाईल नंबर दिसत होता. तो त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिला. काकांनी चिठ्ठीला हात लावला नाही. मी त्यांना रिक्षात बसवून घरी पाठवलं आणि बाहेर पायरीवर उभी राहून नंबर लावला.

“बोला, चिंचेखालची बेकरी.”

चिंचेखालची बेकरी आमच्या पेठेत सगळ्यांना माहीत आहे. तिचं कागदोपत्री नाव दुसरंच काही असेल, हे कोणाच्या डोक्यात येणार? आमच्या भागातली रीत अशी की सुट्टी लागली की बायका घरचं पीठ, तूप, साखर डब्यात घालून तिथं नेतात आणि नानकटाई भाजून आणतात. माल आपला, भट्टी त्यांची, द्यायची ती फक्त भाजणावळ. मी तशीच तिथं गेले. बेकरीवाले भाई माझ्या वडिलांच्या वयाचे. काकांचं वर्णन पूर्ण व्हायच्या आत हसायला लागले.

“हौ, आलते की चाचा. घरचं गव्हाचं पीठ घेऊन. मी मैदा मिसळतो का बघायला भट्टीपुढं उभे राहिले, हटायलाच तयार नाहीत. म्हटलं, चाचा, भाजून निघाल. तर खिशातला कांदा काढून दाखवला.” मग त्यांनी फळीवरून पितळी डबा काढला. “भाजणावळ देऊन गेले, संध्याकाळी नेतो म्हणाले. आलेच नाहीत. मी रोज वाट बघतोय.”

“कोणासाठी भाजून घेतली, काही म्हणाले का?”

“भावासाठी. मोहोळला दादाला एसटीनं पाठवायची म्हणाले.” भाई माझ्या तोंडाकडे बघत राहिले. “काय झालं, बेटा?”

डबा घेऊन मी जिना चढले तेव्हा दारात काकू होत्या. डबा बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि मला जिन्याच्या वळणावर ओढून नेलं. मी सगळं सांगितलं. त्यांना धक्का बसला नाही, म्हणून मला बसला.

“संक्रांतीपासनं चाललंय,” त्या म्हणाल्या. “परवा मलाच विचारलं, सुनंदा कुटं गेली म्हणून. म्हटलं, मीच की हो सुनंदा. तर हसले, चेष्टा केली म्हणाले. चेष्टा नव्हती गं ती.” त्यांनी पदराने डबा पुसला. “त्यांना यातलं काही बोलू नको. भितील.”

“काकू, माणसाला स्वतःबद्दलचं सत्य कळायचा हक्क आहे.”

“ते तुझ्या पत्रकात छाप जा. हितं मला त्यांना जेवू घालायचंय. डॉक्टरकडं न्यायला तेवढी तू चल संगं. बीपी बघायचाय म्हणू.”

दुसऱ्या दिवशी काकू भाजीला गेल्या आणि काका खाली आले. खुर्चीत बसले. म्हणाले, “सापडली बेकरी?”

मी फोनकडे बघायला लागले.

“मी भितो म्हणून खोटं बोलू नको. खोट्याची तर मला लई भीती वाटती.”

मी सांगितलं. चिंचेखालची बेकरी, घरचं पीठ, भट्टीपुढं उभं राहणं, डबा न्यायचा राहून जाणं. घाबरतील, ओरडतील, हातपाय गार पडतील म्हणून मी पाणी आणून ठेवलं होतं. तसं काही झालं नाही. ते एवढ्या शांतपणे ऐकत होते की मलाच भीती वाटायला लागली.

“कुनासाठी म्हनालो मी?” त्यांनी विचारलं.

खोटेपणाविरुद्ध मी आजवर जेवढं लिहिलं आहे ते एकत्र केलं तर जाड पुस्तक होईल. “आमच्यासाठी,” मी म्हणाले.

“मग खाल्ली का न्हाय अजून?” ते म्हणाले, आणि त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडेच सरकवला. मग म्हणाले, “काकूला ठाऊक हाय?”

मी मान डोलावली.

“मला कळलंय, हे तिला सांगू नको. भिईल ती. डॉक्टरकडं जाऊ आपण. डोळ्याचा नंबर काढायचाय म्हणून सांगतो तिला.”

सोमवारी आम्ही तिघं एका रिक्षात बसलो, मी मध्ये. काकू म्हणाल्या, बीपीचं एकदा बघून घेतलेलं बरं. काका म्हणाले, व्हय, आन डोळ्याचं पन. काकू म्हणाल्या, डोळ्याचं पन बघतील की. दोघं दोन बाजूंनी बाहेर बघत होते आणि रस्त्यातली दुकानं एकमेकांना दाखवत होते. दवाखान्यापाशी उतरलो. दारावरच्या पाटीवर डॉक्टरांच्या नावाखाली मोठ्या अक्षरात ‘मेंदूविकार तज्ज्ञ’ असं लिहिलं होतं. ती पाटी आम्ही तिघांनीही वाचली. काकूंनी काकांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं, आणि काकांनी दार त्यांच्यासाठी उघडून धरलं.