हळदीचं बोट आणि अमेरिकेची नोट

ते प्रकरण आठवलं की आजही हसू फुटतं. पण त्या दिवशी माझ्या ठाण्यात एक लग्न मोडायला आलं होतं.

मी तेव्हा जबलपूरला टीआय, म्हणजे ठाण्याचा प्रमुख होतो. महाराजपूरच्या एक निवृत्त शिक्षिका, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, तक्रार घेऊन आल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका अमेरिकन सैनिकाने त्यांच्या सासऱ्यांना डॉलरची नोट भेट दिली होती. नातीच्या लग्नाआधी नोटेची किंमत कळावी म्हणून होणाऱ्या नातजावयाने ती जुन्या नोटांच्या एका व्यापाऱ्याकडे ठेवली आणि बंद पाकिटात परत आणली. काकूंनी पाकीट उघडलं, तर नोट भलतीच!

"यानंच बदलली! मोडलं लग्न!" काकू कडाडल्या.

पोरगा रडकुंडीला आला होता. बँकेत नोकरी, जुन्या नोटांचा नाद. तो म्हणाला, "साहेब, तिकडे पूर्वी गावोगावच्या बँकांच्या नावाने नोटा निघायच्या. बँकेचं आणि गावाचं नाव नोटेवरच असतं. मोठ्या शहरांच्या नोटा ढिगाने मिळतात. आजींची लहानशा गावाची होती, म्हणून तिला मोल. ही मोठ्या शहराची आहे."

चोरलेल्या मालाचं मोल चोर स्वतःहून पोलिसांना सांगत नाही. मी पोराला चहा पाजला आणि व्यापाऱ्यामागे खबऱ्या लावला.

लवकरच फोन आला, "साहब, वो अमेरिकन नोट का ग्राहक ढूँढ रहा है." पंच घेऊन झडती घेतली. लहान गावाची नोट मिळाली. व्यापाऱ्याला ठाण्यात आणलं, पण तो बिलंदर. "दादाजी की है, साहब."

"पूजा में रखते थे?" मी विचारलं.

"नहीं जी, तिजोरी में."

"और कोने में ये लाल ठप्पा?"

"बैंक की मोहर है. छपी हुई."

नोट ओळखायला बोलावलेल्या काकू बाकावरून ताडकन उठल्या. "काहून खोटं बोलून राहिला रे? दर लक्ष्मीपूजनाला मी तिथंच हळदीचं बोट लावते!"

"हल्दी तो पीली होती है, अम्मा," तो हसला.

काकूंनी शिपायाकडून साबण मागवला. स्वयंपाकात पदराला हळद लागलेली होतीच. डाग ओला करून साबण चोळला, तर पिवळ्याचा लाल झाला! "धुतली ना मेल्यानं साबणानं!"

सगळं ठाणं हसलं. व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. गिऱ्हाईक डागाला नावं ठेवील म्हणून धुवायला गेला आणि फसला, हे त्याने कबूल केलं.

काकू पोरासमोर उभ्या राहिल्या. "चुकलं माझं, जावईबापू."

"म्हणजे लग्न आहे ना, आजी?"

"आहे म्हणजे? साहेब, तुम्हीही यायचं!"

बोटांचे ठसे शोधण्यात माझी सगळी नोकरी सरली. पण घरच्या बाईचं बोट आपल्या वस्तूवर कुठे पडतं, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. तेव्हापासून तक्रार ऐकताना मी आधी विचारायचो, "वस्तू रोज कशी वापरता?"

न्यायालयातून नोट सुटली. त्या दिवाळीला काकूंनी मला बोलावलं. पूजेत नोट होती, आणि हळदीचं बोट लावत होता खुद्द नातजावई.

"अहो, डागाने भाव पडतो ना?" मी विचारलं.

"पडू द्या साहेब," तो हसला. "याच डागाने माझं लग्न लावलं."