पेन्सिल उचलण्याआधी

डॉ. इंदुमतीबाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नाही, मग आमचा कुठून बसणार! मी त्यांना प्रथम पाहिले ते कॉलेज रोडवरच्या त्यांच्या जुन्या, दोन खोल्यांच्या दवाखान्यात. त्वचारोगाची पदवी ताजी होती, डोक्यात हवा होती. "सुरकुत्यांची इंजेक्शनं शिकायचीत," मी म्हणाले. बाई म्हणाल्या, "आधी चहा घ्या. सुई काय, लवकर शिकाल. माणसं बघायला वेळ लागतो."

तेव्हा नाशकात बोटॉक्सचे नाव दबक्या आवाजात घेत. बाई मात्र भाजी निवडता निवडता सांगावे तसे सांगत, "यानं स्नायू सैल पडतो, म्हणून आठी पडत नाही. तीन-चार महिन्यांत असर उतरतो. फिलर वेगळा, तो खोलगट जागा भरतो. वय मात्र कशानंच कमी होत नाही, बरं का!" स्वतः भुवयांमध्ये इंजेक्शन घेतल्याचेही त्या लपवीत नसत. "पेशंटना वाटायचं, मी चिडलेय!"

चेहऱ्यावर खुणा करायची पांढरी पेन्सिल उचलण्याआधी त्या प्रत्येकाला विचारीत, "दिवसभर काय करता?" मग गप्पा रंगत. बाहेर रांग आणि आत या गप्पा! मी मनातून वैतागत असे.

एकदा बाई लग्नासाठी त्र्यंबकेश्वरला गेल्या होत्या. सटाण्याहून नाशकात स्थायिक झालेल्या सुनंदाताई आल्या. भाचीच्या लग्नात कपाळ गुळगुळीत दिसावे एवढीच त्यांची इच्छा. मी काही न विचारता खुणा केल्या, इंजेक्शने दिली आणि स्वतःवरच खूश झाले.

दोन आठवड्यांनी त्या रडत आल्या. त्या कर्णबधिर मुलांच्या शिक्षिका होत्या. खुणांच्या भाषेत प्रश्न विचारायचा तर भुवया उचलाव्या लागतात, आणि त्यांच्या भुवया हलतच नव्हत्या. "पोरांना वाटतं, बाई रुसल्या. एक मुलगी तर वर्गात पाऊल टाकत नाही हो!"

यावर उतारा नव्हता, औषधाचा असर जाईपर्यंत थांबणेच हाती होते. बाईंनी सुनंदाताईंचा हात धरला. "चूक आमची आहे," त्या म्हणाल्या. 'हिची' नव्हे, 'आमची'. मग माझ्याकडे वळल्या. "दर शनिवारी शाळेत जायचं. यांच्या शेजारी उभं राहून तुमच्या भुवया यांना उसन्या द्यायच्या."

तीन महिने मी गेले. सुनंदाताई हातांनी प्रश्न विचारीत, मी शेजारून भुवया उंचावत असे. मुले पोट धरून हसत. ती मुलगी मात्र दारातूनच बघे. मला तिच्याकडे पाहवत नसे.

एका शनिवारी सुनंदाताईंनी प्रश्न विचारला आणि कपाळावर बारीकशी आठी उमटली. मुलगी धावत आत आली, तिने त्या आठीवरून बोट फिरवले आणि जाऊन आपल्या बाकावर बसली. मी तिथेच रडले. बाईंना सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "चला, चहा टाका." त्या चुकीचा त्यांनी पुन्हा कधी उच्चार केला नाही.

आता माझ्या दवाखान्यात रांग असते आणि माझ्या गप्पांवर माझे सहकारी वैतागतात. त्यांचे काही चुकत नाही!

बाई, आपल्याला निरोगी शंभरी लाभो. त्या दिवशी आपण माझ्यासमोर खुर्चीत बसा. मी पेन्सिल खाली ठेवून विचारीन, "बाई, दिवसभर काय करता?" आणि आपल्याकडे सांगण्यासारखे इतके असो, की मला पेन्सिल उचलायची आठवणच राहू नये.